दत्तक आलेले मोठे मूल घरात टिकावे यासाठी काय करावे?

फोंडा तालुक्यात राहणाऱ्या एका दांपत्याचा प्रश्न असा आहे: पाच महिन्यांपूर्वी त्यांनी दुसऱ्या राज्यातील बालगृहातून सात वर्षांची मुलगी दत्तक घेतली आणि जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेशही झाला. पहिले काही आठवडे ती अतिशय गुणी वागली. आता ती खोटे बोलते, अन्न लपवून ठेवते, आईला मारते, वडिलांना मात्र चिकटून असते आणि घरी आलेल्या कोणत्याही पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसते. चतुर्थीला मूळ घरी जमलेल्या नातेवाइकांनी "अजून वेळ गेलेली नाही, परत देऊन या" असे सुचवले. मुलगी घरात टिकावी म्हणून काय करावे, आणि फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या प्रतिपालनासाठी, मूल घेण्याचा विचार करणाऱ्या शेजाऱ्यांना काय सांगावे, असे त्यांनी विचारले आहे.

बालगृहांतील मुले आणि त्यांना घर देणारी कुटुंबे यांच्यासोबत गोव्यात अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे स्पष्ट मत असे आहे की मूल घरात टिकते की नाही, हे मुलाच्या स्वभावापेक्षा घरातील मोठ्या माणसांपर्यंत मदत केव्हा पोहोचते यावर अधिक अवलंबून असते. "आता जमणार नाही" हे वाक्य दत्तक देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात उच्चारले जाते, तेव्हा ते मनात ठरून कित्येक आठवडे झालेले असतात, आणि मग कितीही समुपदेशन केले तरी त्याचा उपयोग फारसा होत नाही. तुम्ही त्या टप्प्याच्या अलीकडे आहात. तुमच्या पत्रात मुलीच्या वागण्याचे वर्णन विस्ताराने आहे; मला त्याहून अधिक काळजी वाटली ती एका ओळीची, ज्यात तुम्ही लिहिले आहे की हे सारे तुम्ही अद्याप संस्थेला कळवलेले नाही, कारण "ते आपल्याला नालायक ठरवतील" अशी भीती वाटते. ती भीती बाजूला ठेवून या आठवड्यातच कळवा.

नातेवाइकांच्या सूचनेबद्दल आधी कायद्याची बाजू सांगतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ६३ नुसार आदेशाच्या तारखेपासून ती सर्व अर्थांनी तुमची मुलगी आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमावलीत आदेशापूर्वी आणि आदेशानंतर नाते तुटण्याचे दोन्ही प्रसंग विचारात घेतले आहेत, त्यामुळे तशी प्रक्रिया अस्तित्वात नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ती मुलाच्या हितासाठी आहे, पालकांच्या थकव्यावरचा उपाय म्हणून नाही. ज्या मुलाला एकदा घरातून परत पाठवले जाते, त्याच्या पुढच्या घराचे काम आजच्यापेक्षा कितीतरी कठीण होऊन बसते.

हे केवळ भावनेने सांगत नाही. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे फॉस्टर केअरमधील ४१५ मुलांचा पाठपुरावा करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की वागणुकीच्या अडचणींमुळे मुलांची घरे बदलतात हे जितके खरे आहे, तितकेच घरे बदलल्यामुळे वागणूक बिघडते हेही खरे आहे; आरंभी फारशी अडचण नसलेली मुलेही वारंवार हलवल्यावर बिघडत गेली. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० साली सुरू झालेल्या आणि १३६ मुलांचा समावेश असलेल्या अभ्यासात, अनाथालयातून दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांची जवळीक उशिरा गेलेल्यांच्या तुलनेत अधिक सुरक्षित झाली, हे अनेकांनी वाचलेले असते. त्याच अभ्यासातील पुढचा भाग कमी लोकांना ठाऊक असतो: ही मुले बारा वर्षांची झाली तेव्हा, पहिल्याच प्रतिपालक घरात टिकून राहिलेल्यांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणे घर बदललेल्यांपेक्षा कमी होती. तुमची मुलगी सातव्या वर्षी आली, हे आता बदलता येणार नाही. ती एकाच घरात राहील की नाही, हे मात्र तुमच्या हातात आहे.

आता तिच्या वागण्याकडे वळतो. पहिले काही आठवडे गुणीपणाचे असतात, कारण मूल तेव्हा पाहुणे असते आणि पाहुण्यासारखे जपून वागते. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास हे घर आपले असू शकेल असे त्याला वाटू लागते आणि तेव्हाच ते सर्वाधिक घाबरते, कारण आता गमावण्यासारखे काहीतरी असते. आईवर हात उगारणे आणि वडिलांना चिकटणे हे मी असंख्य घरांत पाहिले आहे. ज्या मुलाला सांभाळणाऱ्या बाया पाळीप्रमाणे बदलत गेल्या, जिच्यावर जीव जडला तीच एके दिवशी नोकरी सोडून गेली, त्याच्या दृष्टीने आई म्हणजे सोडून जाणारी व्यक्ती. ते राग काढते तो त्या आधीच्या सर्व जणींचा, आणि जी आज समोर उभी आहे तिच्यावर. घरातल्या आईला हे समजावून सांगणारे कोणी नसेल, तर ती ते स्वतःच्या नालायकपणाचा पुरावा मानते, आणि मुलगी वडिलांशी हसताना दिसली की तो घाव अधिक खोल जातो. म्हणून वडिलांना माझी विनंती आहे, की मुलीची लाडकी व्यक्ती होण्याचा आनंद काही काळ आवरावा. खाऊ, नवे कपडे, फिरायला जाण्याची परवानगी अशा गोष्टी आईच्या हातून मिळू द्याव्यात; मुलगी आईवर हात उगारेल तेव्हा मध्ये पडून हात धरावा, परंतु आईला दोष देऊ नये आणि मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत निघून जाऊ नये.

अन्न लपवण्यावरून शिक्षा करू नका. उशीखाली पाव आणि कपड्यांच्या कपाटात भाताचे गोळे सापडणे किळसवाणे वाटते, मुंग्या होतात, आजीचा संताप होतो, हे सर्व मला ठाऊक आहे. तिच्या हाताला येईल अशा ठिकाणी झाकणाचा एक डबा ठेवा, त्यात चणे, बिस्किटे, केळी असे काहीतरी असू द्या, तो तिचाच आहे आणि कधीही रिकामा होणार नाही असे सांगा आणि खरोखरच रिकामा होऊ देऊ नका. काही आठवड्यांत लपवणे बहुधा कमी होऊ लागते. जेवणाबाबत आणखी एक गोष्ट: उत्तरेकडील किंवा पूर्वेकडील राज्यातून आलेल्या मुलाला आपली हुमण-भाताची, खोबऱ्याची आणि आमसुलाची चव परकी असते, आणि ताटातले मासे पाहूनच काही मुलांना ओकारी येते. संस्थेत रोज काय जेवण असायचे ते विचारून आठवड्यातून काही वेळा तेच करा. मुलाला "आमच्याकडचे" खायला शिकवण्याची घाई करण्याचे काही कारण नाही.

कोणाच्याही मांडीवर जाऊन बसणे नातेवाइकांना गोड वाटते. "किती माणसाळलेली आहे" असे ते कौतुकाने म्हणतात. संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये ओळखी-अनोळखीचा भेद पुसट असतो आणि त्यात त्यांच्या सुरक्षिततेचा मोठा प्रश्न असतो. पहिले वर्ष तरी जवळ घेणे, भरवणे, न्हाऊ घालणे, झोपवणे ही कामे फक्त तुम्ही दोघांनी करावीत, आणि इतरांनी तिला नमस्कार करून, हात हलवून, लांबूनच लाड करावेत. मूळ घरी चतुर्थीला चाळीस माणसे जमली असतील, माटोळी, आरत्या, फटाके, रात्रभर फुगड्या, आणि त्यात ती एकटीच कोणाला ओळखत नव्हती. त्या दिवसांतील तिच्या वागण्यावरून कोणीही कोणता निष्कर्ष काढू नये. पुढच्या वर्षी एक दिवस जा, तिला आधी फोटो दाखवून माणसे ओळखीची करून द्या, आणि ती कंटाळली की परत निघता येईल अशी सोय ठेवा.

खोटे बोलण्याबद्दल थोडक्यात एवढेच, की ज्याचे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे तो प्रश्न तिला विचारू नका. "ग्लास तू फोडलास ना?" असे विचारले की ती नाही म्हणणारच, "ग्लास फुटला आहे, चल, आपण काचा गोळा करू" असे म्हटले की खोटे बोलण्याची गरज उरत नाही. आणि रागाच्या भरात, थट्टेत किंवा तिला ऐकू येणार नाही असे समजूनही "परत पाठवून देऊ" हे शब्द घरात कोणीही उच्चारता कामा नयेत. हा एकच नियम मी सर्व नातेवाइकांना लेखी द्यायला सांगतो.

तुमच्यासाठी एक वही करा. सॅन दिएगो येथेच पॅट्रिशिया चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ ते १२ वर्षे वयाच्या २४६ मुलांच्या प्रतिपालकांना फोनवरून मागील चोवीस तासांतील त्रासदायक वर्तनांची यादी विचारली. दिवसाला सहापर्यंत अशी वर्तने घरे सोसू शकत होती. त्यापुढील प्रत्येक वाढीव वर्तनामागे मुलाचे घर तुटण्याचा धोका १७ टक्क्यांनी वाढत गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा मला जाणवलेला उपयोग असा, की तो आकडा मुलाविषयी जेवढे सांगतो तेवढेच पालकांच्या सोसण्याच्या मर्यादेविषयीही सांगतो. रात्री दोघांनी मिळून पाच मिनिटे बसा, दिवसभरात काय काय झाले ते लिहा, आणि त्याशेजारी आपण किती थकलो तेही लिहा. महिन्याभराने दोन गोष्टी दिसतील. एक म्हणजे त्रास वाटतो तसा सर्वकाळ नसतो; तो बहुधा शाळेतून आल्यावर, झोपण्यापूर्वी किंवा पाहुणे गेल्यावर ठरावीक वेळी येतो आणि त्या वेळेची तयारी करता येते. दुसरे म्हणजे कोणत्या आठवड्यात तुमचे स्वतःचे बळ संपत आले होते ते कळते, आणि त्याच आठवड्यात कोणाला तरी घरी बोलवायचे असते. एक मावशी किंवा आत्या निवडा, तिला वरील सर्व गोष्टी नीट समजावून सांगा, आणि दर आठवड्याला अर्धा दिवस तिने घरात राहून स्वयंपाक करावा, जेणेकरून तुम्हाला मुलीसोबत शांतपणे बसता येईल. मुलीला तिच्याकडे नेऊन सोडायचे नाही.

भाषेचा विषय आपल्याकडे फार हलका समजला जातो. राष्ट्रीय पातळीवरच्या प्रतीक्षायादीतून मूल मिळते, त्यामुळे ओडिया किंवा छत्तीसगढी बोलणारे, संस्थेत हिंदी शिकलेले मूल अचानक अशा घरात येते जिथे बोलणे कोंकणीत, वाचन मराठीत आणि शाळा बहुधा इंग्रजीत असते. जे मूल रडण्याचे कारण सांगू शकत नाही ते मारते. तुमच्या दोघांना हिंदी येते, तेव्हा निदान झोपण्यापूर्वीचा वेळ आणि भांडणानंतरची समजूत तिच्या भाषेत होऊ द्या. शाळेबाबत माझे मत असे, की पहिल्या वर्षी अभ्यासावरून घरात एकही युद्ध होऊ नये. गृहपाठ राहिला तर राहू द्या आणि वर्गशिक्षिकेला विश्वासात घेऊन तसे सांगा. सर्व वर्गासमोर तिची ओळख दत्तक मुलगी म्हणून करून दिली जाणार नाही, हेही त्याच भेटीत ठरवा. काही कुटुंबे घरी आल्याबरोबर मुलाचे नाव बदलतात. सात वर्षांच्या मुलीजवळ तिचे असे जे थोडे आहे त्यात नाव सर्वांत मोठे आहे. ते राहू द्यावे.

तिच्या बालगृहातील एखाद्या ताईंची ती आठवण काढते असे तुम्ही लिहिले आहे आणि ते विसरावे म्हणून विषय टाळता. तसे करू नका. संस्थेची परवानगी असेल तर महिन्यातून एकदा त्यांच्याशी फोनवर बोलू द्या, त्यांचा फोटो एका वहीत लावा, तिथल्या मैत्रिणींची नावे लिहा, ती कुठून कुठे गेली ते क्रमाने आठवेल तेवढे लिहून ठेवा. आधीचे नाते जपलेले मूल नवे नाते लवकर धरते, असा माझा सातत्याचा अनुभव आहे.

याच निमित्ताने संस्थेकडून मुलीविषयी अधिक माहिती मागा. तुम्हाला मिळालेला, मुलीची पार्श्वभूमी सांगणारा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल त्रोटक आहेत असे तुमच्या वर्णनावरून दिसते. ती किती ठिकाणी राहिली, प्रत्येक ठिकाणाहून का हलवली गेली, भावंडे आहेत का, रात्री कशी झोपत असे, कोणाला घाबरत असे, हे प्रश्न आदेशानंतरही विचारता येतात. कागदावरचे वय पुष्कळदा अंदाजाने लिहिलेले असते, तेव्हा "सात वर्षांच्या मुलीला हे यायला हवे" या अपेक्षेचा आधारच कच्चा असू शकतो. कान, डोळे आणि दात तपासून घ्या. नीट ऐकू न येणाऱ्या मुलाला हट्टी ठरवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मारणे वाढत असेल, ती स्वतःला इजा करत असेल किंवा झोप पूर्ण उडाली असेल, तर बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत मुलांच्या तज्ज्ञांना दाखवण्यात विलंब करू नका. तिथे गेल्याने मुलीवर शिक्का बसेल ही समजूत फोंड्यातही आहे आणि पणजीतही आहे. त्या समजुतीपायी मौल्यवान महिने वाया जातात.

नियमावलीप्रमाणे दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा व्हायचा असतो. तुमची पहिली भेट जवळ आली आहे. अनेक घरांत या भेटीसाठी घर आवरले जाते, मुलाला चांगला फ्रॉक घातला जातो, चहा-शिरा होतो आणि "सर्व ठीक आहे" असे लिहून घेऊन संस्थेचा कार्यकर्ता जातो. कृपया वही त्यांच्यासमोर ठेवा. पहिल्या वर्षी सहा महिन्यांचे अंतर अपुरेच आहे असे माझे मत असून, मोठ्या वयात दत्तक आलेल्या मुलांच्या घरी पहिले तीन महिने दर आठवड्याला फोन आणि महिन्याला भेट व्हावी, तीही शक्यतो एकाच व्यक्तीची. अमेरिकेतील मिलवॉकी परगण्यातील २००५ च्या एका आढाव्यात, एकच कार्यकर्ता लाभलेल्या फॉस्टर केअरमधील मुलांपैकी ७४.५ टक्के मुलांना कायमचे घर मिळाले, तर दोन कार्यकर्ते झालेल्यांत हे प्रमाण १७.५ टक्के होते. अधिक काळ व्यवस्थेत राहिलेल्या मुलांना साहजिकच अधिक कार्यकर्ते भेटतात, त्यामुळे हा सर्व फरक केवळ माणूस बदलल्याने पडला असे म्हणता येणार नाही. तरीही आपल्याकडे कंत्राटी नेमणुकांमुळे कार्यकर्ते ज्या वेगाने बदलतात, ते पाहता या आकड्याकडे संस्थांनी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षांनी गांभीर्याने पाहायला हवे.

नातेवाइकांच्या विरोधामागे कधीकधी मालमत्तेचा विषय असतो आणि तो उघडपणे बोलला जात नाही. गोव्यात आई-वडिलांना मुले डावलून संपूर्ण मालमत्तेची विल्हेवाट लावता येत नाही. निम्मा वाटा मुलांसाठी राखीव असतो, आणि कलम ६३ मुळे तुमची मुलगीही मुलांतच मोडते. एकत्र कुटुंबाचे घर, बागायत किंवा भाटाचा हिस्सा असेल तर चुलत्यांना हे पुरते ठाऊक असते. "तिचा स्वभाव बरा नाही" या वाक्याच्या मागे हीच चिंता आहे असे वाटले, तर वकिलासह एकदा बसून विषय मोकळा करा, म्हणजे मुलीच्या वागण्याची चर्चा निदान तिच्या वागण्यापुरती राहील.

आता तुमच्या शेजाऱ्यांविषयी. फॉस्टर केअर म्हणजे तात्पुरते प्रतिपालन, आणि ते बाल कल्याण समितीच्या आदेशानेच होते. त्यात मूळ कुटुंब परत सावरण्याची शक्यता गृहीत असते. गोव्यात अशी अनेक मुले बांधकामावर किंवा किनारपट्टीवर कामाला आलेल्या स्थलांतरित आई-वडिलांची असतात. तेव्हा मुलाला "तू आता कायमचा आमचाच" असे वचन देऊ नये आणि आई भेटायला आली की नाक मुरडू नये. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. त्या रकमेवर घर चालवण्याचा हिशोब असेल किंवा घरकामाला हात मिळेल अशी अपेक्षा असेल, तर त्यांनी या वाटेला जाऊ नये. पूर्वी गोव्यातील काही सधन घरांत पोसकी, म्हणजे घरात पोसायला आणलेली परकी, मुले वाढवण्याची रीत होती, आणि त्यांतील कित्येकांचे आयुष्य अर्धे घरातले आणि अर्धे चाकरीचे असे गेले. गावात आजही कोणाकडे परके मूल राहायला आले की लोक त्याच नजरेने पाहतात. शेजाऱ्यांच्या घरी मूल जेवायला कुठे बसेल, कोणत्या शाळेत जाईल आणि घरच्या मुलांसारखे खेळेल का, हे समितीने विचारण्यापूर्वी त्यांनी स्वतःला विचारावे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षांच्या प्रतिपालनानंतर तेच कुटुंब मुलाला दत्तक घेण्यासाठी पात्र ठरू शकते; पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. पण केवळ त्या आशेने मूल घेतले, तर ते मूळ घरी परतले तेव्हा सर्वांचेच हाल होतात. मूल घरी येण्यापूर्वी किमान तीन-चार भेटी व्हाव्यात, त्यांतील एक मुक्कामाची असावी, त्याची शाळा शक्य असल्यास बदलू नये, आणि भावंडे असतील तर सर्वांना एकत्र घेता येत नसल्यास त्यांनी नम्रपणे नकार द्यावा, म्हणजे समितीला दुसरे घर शोधता येईल.